बुडोट्स सगळीकडे वाजतं, पण बनवणाऱ्याचं नाव कुठे असतं?

फिलिपिनो इलेक्ट्रॉनिक संगीताचा विषय निघाला की कुणीतरी हमखास म्हणतं, "टॅलेंट खूप आहे हो, फक्त एक्स्पोजर मिळत नाही." हे मला अजिबात पटत नाही. दावाओ शहरात जन्मलेलं बुडोट्स हे नाचाचं संगीत वर्षानुवर्षं जीपनीत (तिकडची प्रवासी गाडी), ट्रायसिकलवर (तिकडची रिक्षा) आणि बारांगायच्या, म्हणजे वॉर्डाच्या, फिएस्टात (जत्रेत) वाजतंय. पुढे राष्ट्राध्यक्ष झालेले दुतेर्ते दावाओचे महापौर असताना त्यावर नाचले. २०१९ च्या सिनेट निवडणुकीत बाँग रेव्हिल्या प्रचाराच्या जाहिरातीत त्यावर नाचले आणि निवडूनही आले. याहून जास्त एक्स्पोजर म्हणजे आणखी काय हवं? पण ज्याने हा आवाज घडवला तो शेर्विन तुना, म्हणजे डीजे लव्ह, नाचणाऱ्यांपैकी बहुतेकांना माहीतच नव्हता. २०२३ मध्ये मनिला कम्युनिटी रेडिओच्या पुढाकाराने तो बॉयलर रूममध्ये (डीजेंचे सेट जगभर ऑनलाइन दाखवणारा मंच) वाजवायला उभा राहिला, तेव्हा कुठे देशाबाहेरच्या लोकांनी त्याचं नाव शोधायला सुरुवात केली.

म्हणून अंडरग्राउंडच्या बाहेर काढायचं ते आवाजाला नाही, तो तर कधीच बाहेर पडलाय. त्याच्यामागे नाव आणि पैसा जाईल अशी सोय लावायची आहे. आणि ती सोय बरीचशी कंटाळवाण्या कामांची आहे.

ज्यांनी ऐकलं नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात: बुडोट्सचा वेग साधारण १४० बीपीएम (मिनिटाला ठोके), चारही ठोक्यांवर किक ड्रम, आणि वर "टिव टिव" करणारा कर्कश सिंथ. बनतं बहुतेक एफएल स्टुडिओ या सॉफ्टवेअरवर, साध्या कॉम्प्युटरवर. मनिलातल्या शहाण्या मंडळींनी याला बरीच वर्षं 'बादुय', 'जोलोग्स' (गावंढळ, हलक्या अभिरुचीचं) म्हणून नाकं मुरडली. त्याच मनिलात दुसरं एक वर्तुळ आहे: मकातीतले छोटे क्लब, पोब्लासियोनचे बार, सिमिलरऑब्जेक्ट्स या निर्मात्याने उभं केलेलं बुवानबुवान कलेक्टिव्ह (कलाकारांचा गट), क्राउनसारखे निर्माते. यांना इंग्रजी येतं, ओळखी आहेत, फोटो चांगले आहेत. त्यांची अडचण प्रेक्षक तेवढेच राहण्याची, दावाओवाल्याची अडचण श्रेय आणि हक्कांची. दोघांना एकच औषध देणारे प्रमोटर पाहिले की चिडचिड होते.

आधी हक्कांचं बोलू, कारण सगळं तिथेच अडतं. बुडोट्स आणि बॉम्बटेक या त्याच्या भावंडाचा मोठा भाग म्हणजे कुठल्यातरी गाजलेल्या गाण्याचं रिमिक्स. ते फेसबुकवर लाखो लोक ऐकतात, पण वितरकाकडून स्पॉटिफायवर टाकायला गेलं की एकतर नाकारलं जातं, नाहीतर चार दिवसांनी उतरवलं जातं. यूट्यूबवर कंटेंट आयडी ही हक्क ओळखणारी यंत्रणा जाहिरातीचा पैसा मूळ कंपनीकडे वळवतो. यावर पुष्कळ जण "मग ओळ पुन्हा गाऊन घेऊ" असा उपाय काढतात. तो अर्धाच आहे. पुन्हा गाऊन घेतल्याने फक्त मूळ ध्वनिमुद्रणाचा प्रश्न सुटतो, चाल आणि शब्दांचा हक्क तसाच उरतो, त्याची परवानगी लागतेच. तेव्हा रिमिक्स लोकांपर्यंत पोचायला ठेवा, पण प्रत्येक दोन-तीन रिमिक्समागे एक पूर्ण स्वतःचं गाणं काढा, बिसाया या तिथल्या स्थानिक भाषेतली स्वतःची आरोळी घालून. त्या गाण्याला आयएसआरसी हा ध्वनिमुद्रणाची ओळख पटवणारा बारा अक्षरी क्रमांक घ्या, कोणाचा किती वाटा हे कागदावर लिहून सह्या करा (बेरीज १०० झालीच पाहिजे, ९५ वर थांबलेले कागद भरपूर दिसतात), आणि फिलस्कॅप या रॉयल्टी गोळा करणाऱ्या संस्थेकडे रचना नोंदवा. नोंदच नसेल तर क्लबने परवान्याचे पैसे भरूनही त्यातला पेसो तुमच्यापर्यंत यायला वाट नाही.

आपल्याकडे मिरवणुकीच्या रिमिक्समध्ये दर मिनिटाला डीजेचं नाव ओरडून घातलेलं असतं ना, तिकडेही तीच रीत आहे, आणि ती हसण्यावारी नेऊ नये. फाइल पाच फोनांतून फिरली की तिचं नाव 'नवीन मिक्स ३' होतं, कलाकाराची माहिती गळून पडते. राहतं ते फक्त आवाजात भाजलेलं नाव. मात्र परदेशी डीजेला द्यायच्या प्रतीत ते नको, तो असा ट्रॅक वाजवणारच नाही. प्रती दोन ठेवायच्या: लोकांसाठी नावाची, डीजेसाठी बिननावाची.

आता आवाज. इथे जरा रेंगाळतो, कारण चांगले ट्रॅक मोठ्या मंचावर पडतात ते बहुतेक याच पायी. "टिव टिव" रुंद वाटावा म्हणून लोक त्यावर स्टिरिओ वायडनर लावतात. असे बरेच वायडनर एका बाजूला काही मिलिसेकंद उशीर देतात किंवा तिची फेज उलटवतात. हेडफोनवर झकास लागतं. पण जीपनी, बारांगायचा साउंड आणि कित्येक क्लब मोनोवर चालतात. दोन्ही बाजू एकत्र आल्या की त्या एकमेकींना खातात आणि ज्याच्यावर गाणं उभं तोच आवाज पातळ होतो, कधी जवळजवळ गायब. तपासायला फक्त एफएल स्टुडिओच्या मास्टरवरची स्टिरिओ सेपरेशनची कळ पूर्ण 'मर्ज्ड'कडे फिरवायची. तो सिंथ बुडला तर वायडनर काढा, मधला मूळ आवाज मोनो ठेवा आणि रुंदीसाठी वेगळा, हळू आवाजाचा थर द्या. १०० हर्ट्झच्या खालचं सगळं मोनोच हवं. आणि ४०-५० हर्ट्झचा सब-बेस जीपनीच्या स्पीकरला झेपत नाही. बेसची एक प्रत करून तिला थोडं सॅच्युरेशन (हलकी खरखर) द्या, १०० हर्ट्झखालचं कापा आणि मूळ बेसवर ठेवा, म्हणजे छोट्या स्पीकरवरही तो ऐकू येतो.

मोठ्या सिस्टिमवर गोष्ट उलटी होते. तिथे तोच सिंथ ३ किलोहर्ट्झच्या आसपास कानात सुई टोचावी तसा लागतो आणि साउंड इंजिनिअर वैतागून सगळाच आवाज खाली ओढतो. दोन-तीन डेसिबल आधीच कापा. मास्टर (गाण्याची शेवटची प्रत) मोठ्या आवाजासाठी पिळून पिळून सपाट करण्यातही अर्थ नाही. स्पॉटिफाय सगळ्यांना सरासरी उणे १४ एलयूएफएसवर (आवाजाच्या तीव्रतेचं माप) आणतं. तुमचा ट्रॅक उणे ६ वर असेल तर तो फक्त खाली येईल, आणि किकचा गेलेला धक्का काही परत मिळणार नाही.

डीजेला वाजवता येईल अशी रचनाही हवी. फेसबुकसाठी बनवलेलं गाणं पहिल्या सेकंदालाच सुरू होतं, त्यात मिसळायला जागाच नसते. एक्स्टेंडेड मिक्स करताना पुढे-मागे ३२ बार (एका बारात चार ठोके) नुसते ड्रम द्या. १४० च्या वेगाला ते जेमतेम ५५ सेकंद होतात. आणि पाठवताना कोणाला पाठवतोय ते बघा. हाउस संगीत वाजवणारा १२८ वर वाजवतो, त्याला तुमचा ट्रॅक साडेआठ टक्क्यांहून जास्त मंद करावा लागेल. मग तो सुस्त लागतो आणि इनबॉक्समध्येच मरतो. १४० च्या वरचं टेक्नो आणि बास म्युझिक वाजवणाऱ्यांना पाठवा, तिथे तो आहे तसा बसतो.

पेनड्राइव्हसारख्या फालतू गोष्टीनेही संधी जाते. दोन ठेवा, दोन्ही फॅट३२ फॉरमॅटचे, दोन्ही रेकॉर्डबॉक्स या डीजेंच्या सॉफ्टवेअरमधून एक्स्पोर्ट केलेले. जुने सीडीजे (क्लबमधले डीजे प्लेअर) एक्सफॅट वाचत नाहीत, ९६ किलोहर्ट्झची फाइल वाजवत नाहीत. ४४.१ किलोहर्ट्झची एआयएफएफ किंवा ३२० ची एमपी३ कुठेही चालते. एआयएफएफमध्ये कलाकाराचं नाव टिकतं, वेव्हमध्ये त्याची खात्री नसते, हा आणखी एक फायदा.

स्पॉटिफायच्या प्लेलिस्टमध्ये यायचं तर गाणं प्रसिद्ध व्हायच्या किमान सात दिवस आधी तिथल्या संपादकांकडे पाठवावं लागतं. खरं तर तीन-चार आठवडे आधी वितरकाकडे द्या, कारण तो स्वतःच आठवडा खातो. २०२४ पासून वर्षात १,००० वेळा न ऐकल्या गेलेल्या ट्रॅकला तिथे रॉयल्टी नाही. त्यामुळे महिन्याला सहा ट्रॅक ओतणाऱ्याला सहाचेही शून्य मिळू शकतात. कमी काढा, प्रत्येकामागे लागा.

आयोजकांनो, तुमच्याकडेही काम आहे. परदेशी हेडलायनरच्या कार्यक्रमात लोकल डीजेला दार उघडताना नऊचा स्लॉट द्यायचा, साउंडचेक नाही, पोस्टरवर नाव मुंगीएवढं, आणि याला 'सपोर्ट लोकल' म्हणायचं, हे थांबवा. हेडलायनरच्या लगेच आधीचा एक तास, २० मिनिटांचा साउंडचेक, पोस्टरवर वाचता येईल असं नाव आणि अर्धं मानधन आगाऊ, एवढं करारात लिहिलं तरी फरक पडेल. कलाकारानेही ते मागितलं पाहिजे. तोंडी कबुलीला रात्री दोन वाजता काही किंमत नसते.

कायद्याचं दुखणं वेगळंच. १९८७ च्या कार्यकारी आदेश २५५ नुसार संगीत वाजवणाऱ्या रेडिओ केंद्रांनी तासाला किमान चार मूळ फिलिपिनो रचना वाजवायच्या आहेत, भाषेची अट नाही. म्हणजे बिसाया आरोळीचा डान्स ट्रॅकही त्यात बसतो. पण केंद्राला सहा मिनिटांचं मिक्स दिलं तर कोण वाजवणार? पावणेतीन मिनिटांची प्रत द्या, आरोळी पहिल्या २० सेकंदांत. करमणूक करात मात्र संगीतिका, मैफली, नाटकं यांना स्थानिक शासन कायद्याच्या कलम १४० मध्ये सूट आहे आणि 'पॉप, रॉक किंवा तत्सम' कार्यक्रमांना नाही. इलेक्ट्रॉनिक संगीत त्या 'तत्सम'मध्ये सापडतं. १०० जणांच्या क्लब नाइटने हा कर सोसायचा ही मला सरळ वर्गवारीची खोट वाटते, पण ती बदलेपर्यंत तिकिटाचा दर ठरवताना तो धरूनच चाला.

आणि मे २०१६ विसरून चालणार नाही. पासाय शहरातल्या एका मोठ्या कॉन्सर्टमध्ये पाच जण दगावले, ड्रग्जचा संशय आला, पुढच्याच महिन्यात सरकार बदललं, अमली पदार्थांविरुद्धची मोहीम सुरू झाली आणि डान्स म्युझिक म्हणजे ड्रग्ज हे समीकरण घराघरांत पक्कं झालं. गंमत म्हणजे डीजे लव्हच्या मंडळींचा जुना नारा 'ड्रग्ज नको, नाच हवा' असाच होता. परवानगी मागायला जाताना फुकट पाणी, प्रथमोपचाराची टीम आणि बाहेर पडायच्या वाटांचा नकाशा आधीच अर्जाला जोडा. आणि हे फक्त कागदावर नको.

परदेशात जायचं तर आधी आसियान. फिलिपिनो पासपोर्टला तिथल्या बहुतेक देशांत पर्यटक म्हणून व्हिसा लागत नाही. पण व्हिसा न लागणं वेगळं आणि पैसे घेऊन वाजवायची परवानगी असणं वेगळं. आयोजकाचं निमंत्रण, परतीचं तिकीट, करार आणि स्थलांतरित कामगार खात्याचे लागतील ते कागद जवळ नसले तर मनिलाच्या विमानतळावरच 'ऑफलोड' व्हायची, म्हणजे विमानात चढू न देण्याची, वेळ येते, आणि गेलेला कार्यक्रम परत मिळत नाही. हाँगकाँगपासून दुबईपर्यंतच्या हॉटेलांत फिलिपिनो बँड दुसऱ्यांची गाणी इतकी वर्षं वाजवत आलेत की फिलिपिनो कलाकार म्हटल्यावर आयोजकाच्या डोळ्यासमोर कव्हर बँडच येतो. म्हणून पहिल्या ईमेलमध्येच १५० शब्दांची ओळख, स्वतःच्या ट्रॅकचं ४० मिनिटांचं मिक्स आणि एक आडवा, एक उभा फोटो पाठवा. दहा लिंका नकोत.

जगात नाव काढलेले फिलिपिनो वंशाचे डीजेही आहेत: लेडबॅक ल्यूकचा जन्म मनिलाचा, मनिला किला अमेरिकेतला फिलिपिनो, स्क्रॅचिंगच्या जगात क्यूबर्टचं नाव केवढं! त्यांच्या यशाने दावाओतल्या पोराचं भाडं आपोआप भरत नाही. त्यांनी एक करावं: ट्रॅक वाजवला की ट्रॅकलिस्टमध्ये पूर्ण नाव लिहावं. पुण्या-गोव्यात कुणी सेटमध्ये बुडोट्स घालत असेल तर त्यालाही हेच लागू. यूट्यूबवरून फाइल ओढू नका. कलाकाराचं बँडकॅम्प (संगीत थेट विकत घ्यायची साइट) असेल तर तिथून घ्या. डिजिटल विक्रीत ते १५ टक्के आणि पेमेंटचं शुल्क कापतात, बाकीचे त्याला मिळतात.