दिवा लाव, दार लाव

मागच्या रविवारी जळगावकडच्या यावलहून चुलतभावाचा फोन आला. "ताई, कवापासून फोन लावू राह्यलो, उचलत का नाही?" मी नाइट ड्यूटी करून आडवी झाले होते. त्याचा प्रश्न जुनाच. जून जवळ आला की आमच्या घरातलं कुणी ना कुणी तो विचारतंच: पोराला इंग्रजी मीडियमला टाकू, की गावातल्या जिल्हा परिषदेच्याच शाळेत राहू देऊ? विचारायचं मला, कारण मी उत्तर इंग्लंडमधल्या लीड्सला नर्स आहे, म्हणजे इंग्रजीचं खातं माझ्याकडे. (आजोबांच्या काळी पोराला शाळेत घालत. आता टाकतात. हा बदल कधी झाला कुणास ठाऊक, पण तो नजरेत भरण्यासारखा आहे.)

2025 साली पहिलीपासून हिंदीचा शासन निर्णय निघाला, गदारोळ झाला, 29 जूनला सरकारने तो मागे घेतला. त्या दिवसांत आमच्या नात्यागोत्याच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर मराठीसाठी जे सगळ्यांत जोरात भांडले, त्यांतल्या बहुतेकांची पोरं सकाळी टाय लावून पिवळ्या बसची वाट बघतात. मी त्यांना हसत नाही. माझी मुलगी तर थेट इंग्लंडच्याच शाळेत जाते, मी कोणत्या तोंडाने बोलू? इथे बसून, पाउंडांत पगार घेऊन मायबोलीचं कौतुक सांगणं फार स्वस्त असतं.

पण इंग्रजी येणं म्हणजे नेमकं काय येणं, एवढं तरी मला अनुभवाने सांगता येईल.

आमच्या वेळी इंग्रजी पाचवीपासून होतं. पहिलीपासून ते 2000 साली आलं. पाचवीत मी धड्यातलं 'पुट' बरोबर वाचलं आणि त्याच हिशेबाने पुढचं 'बट' हे 'बुट' असं वाचलं. गुरुजींनी पट्टी उभी धरून बोटांच्या पेरांवर मारली. वर्ग हसला. पी-यू-टी पुट, तर बी-यू-टी बट का, हे त्यांनाही माहीत नव्हतं. ते मला लीड्सला आल्यावर कळलं. पूर्वी दोन्हींचा स्वर एकच होता. साधारण सतराव्या शतकात दक्षिण इंग्लंडमध्ये 'बट', 'कप' यांचा उच्चार सरकला, 'पुट', 'पुल' जागेवर राहिले. उत्तरेत तो बदल पोचलाच नाही. म्हणजे आमच्या वॉर्डातले यॉर्कशरचे म्हातारे आजही 'कुप' भरून चहा मागतात आणि 'बुट' म्हणतात. पहिल्यांदा ऐकलं तेव्हा माझा हात आपोआप बोटांच्या पेरांवर गेला.

मी इकडे आले ती आयईएलटीएस या इंग्रजीच्या परीक्षेत चांगले बँड, म्हणजे गुण, घेऊन. निबंध लिहिता यायचा, आलेख समजावून सांगता यायचा. पहिल्या महिन्यात एक आजीबाई म्हणाल्या, "वी हॅड टू पुट चार्ली डाउन लास्ट वीक." मला 'पुट डाउन' म्हणजे खाली ठेवणे एवढं ठाऊक. त्यातून आदल्याच दिवशी सोबतची नर्स म्हणाली होती की ती बाळाला सात वाजता 'पुट डाउन' करते, म्हणजे पाळण्यात झोपवते. मी हसून म्हटलं, छान झालं, आता तुम्हालाही शांत झोप लागेल. आजीबाईंचा चेहरा पडला. चार्ली हा त्यांचा चौदा वर्षांचा कुत्रा. आजारी होता, डॉक्टरांकडून सुई देऊन त्याला शेवटचं झोपवलं होतं. मी त्यांच्या उशाशी गरम चहा ठेवला आणि संध्याकाळपर्यंत त्या बाजूला फिरकले नाही.

दुसरा किस्सा हसण्यासारखा नाही. ऑपरेशन झालेला एक पेशंट रात्रभर बेल न वाजवता पडून होता. पहाटे मी विचारलं तर म्हणाला, "डिडन्ट वॉन्ट टू पुट यू आउट, लव्ह." तुम्हाला त्रास द्यायचा नव्हता, एवढाच अर्थ. माझ्या डोक्यात 'पुट आउट' म्हणजे आग विझवणे. आणि दुखतंय का, तर "आय कॅन पुट अप विथ इट". यातलं 'पुट अप' मला भिंतीवर फोटो लावण्यापुरतं माहीत होतं. तो वेदना सोसत होता आणि मी त्याच्या वाक्याचे तुकडे जुळवत होते. त्याने 'टॉलरेट' म्हटलं असतं तर मला क्षणात कळलं असतं.

मेख इथेच आहे. 'टॉलरेट', 'पोस्टपोन', 'एक्स्टिंग्विश' हे लॅटिनातून आलेले जाडजूड शब्द आपण पुस्तकातून आधी शिकतो. इंग्रज माणूस ते अर्जात, कोर्टात, फलकावर वापरतो. घरात त्याच्या तोंडी 'पुट अप विथ', 'पुट ऑफ', 'पुट आउट'. 1066 मध्ये नॉर्मन आले, दरबारात फ्रेंच आणि लॅटिन बसली, आणि स्वयंपाकघरात जुनी छोटी क्रियापदं राहिली. आपण भारतीय दरबारातून आत शिरलो, स्वयंपाकघर पाहिलंच नाही. म्हणून तर आपण 'प्रीपोन' हा शब्द रुजवला. 'ब्रिंग फॉरवर्ड' आपल्या कानावर पडलं नव्हतं. (शब्द झकास आहे, माझी तक्रार नाही.)

हे परकीयांना छळतं हेही नवं नाही. 1755 साली सॅम्युअल जॉन्सन यांनी आपल्या इंग्रजी शब्दकोशाच्या प्रस्तावनेत लिहून ठेवलंय की क्रियापदामागे एखादा छोटा शब्द जोडून अर्थ बदलण्याची इंग्रजीची ही रीत बाहेरच्यांना सगळ्यांत अवघड जाते. ऑक्सफर्डच्या मोठ्या कोशाच्या 1989 च्या आवृत्तीत नुसत्या 'सेट' या क्रियापदाचे 430 अर्थ होते.

मला वाटायचं, हा खास इंग्रजांचा खोडसाळपणा. मग गेल्या उन्हाळ्यात आई तीन महिने राहायला आली. आईच्या तोंडी दिवसभर एकच शब्द. दिवा लाव. दार लाव. कुकर लाव. मामाला फोन लाव. गुडघ्याला तेल लाव. माझी नऊ वर्षांची मुलगी भांबावली. तिने फ्रिजवर कागद चिकटवला आणि प्रत्येक 'लाव'समोर वेगळं इंग्रजी क्रियापद लिहीत गेली, मराठीत सांगायचं तर: पेटव, बंद कर, चढव, जोड, चोळ. मागच्या अंगणात आईने मेथी लावली तेव्हा खाली 'पेर' आलं. कागद भरत आला तरी यादी संपेना. एक दिवस आई माझ्या स्वयंपाकघराकडे बघून म्हणाली, "काय वाट लावली गं ही!" पोरगी पेन घेऊन उभी: आजी, वाटेला काय लावलं?

मी समजावायला गेले आणि अडकले. काम मार्गी लावणे आणि कामाची वाट लावणे. मार्ग म्हणजेच वाट, पण एकात काम सुटतं, दुसऱ्यात त्याचं मातेरं होतं. जीव लावणं चांगलं, मनाला लावून घेणं वाईट, चुना लावणं त्याहून वाईट. हे मला कुणी शिकवलं? कुणीच नाही. आमच्याकडे केळीची मृगबाग लावायच्या वेळी मजूर, काका, आजी एकाच वेळी बोलायचे. खड्ड्यात कंद ठेवता ठेवता ते कानात शिरत गेलं.

इंग्रजी मीडियमबद्दल माझा आक्षेप इंग्रजीला नाहीच. तालुक्याच्या गावच्या ज्या शाळा मी सुट्टीत बघते, त्यांत गणिताचं पुस्तक इंग्रजीत, पाठांतर इंग्रजीत, पण बाई शिकवतात मराठीत, पोरं भांडतात मराठीत आणि डबा खातात मराठीत. इंग्रजी ऐकायला मिळतं ते वाचून दाखवलेलं. त्यावर उपाय म्हणून स्पोकन इंग्लिशचा क्लास, आणि क्लासमध्ये वाक्प्रचारांची जाडी वही, तिच्यात 'रेनिंग कॅट्स अँड डॉग्ज', म्हणजे मांजरं-कुत्री पडणारा पाऊस. लीड्समध्ये वर्षाचे निम्मे दिवस पाऊस बघूनही ते वाक्य मी अजून एकाच्याही तोंडून ऐकलेलं नाही. अशा शाळेतल्या पोराला 'पुट' नीट येत नाही आणि घरात 'लाव'ही हळूहळू दोन-चार कामांपुरतं उरतं. फी भरून हे विकत घ्यायचं?

भावाला मी एवढंच म्हटलं की शाळेची पाटी कोणत्या भाषेत आहे ते सोड. एक दिवस मधल्या सुट्टीत जाऊन उभा राहा आणि बाई पोरांशी काय बोलतात ते ऐक. इंग्रजीत गप्पा मारणारी, चुकलं तर न हसणारी एखादी बाई असली तर तिथे जा, मग ती शाळा जिल्हा परिषदेची का असेना. सरकारी शाळांत अशा बाई मी पाहिल्यात.

तो जरा वेळ गप्प होता. मागे मोटर चालू असल्याचा आवाज येत होता.

"तू म्हणते ते खरं, ताई," तो म्हणाला. "पण साडूच्या पोराचं नाव त्या इंग्रजी शाळेत लागलंय. बायको ऐकत नाही."

"मग?"

"मग काय. आधी बाग लावतो. रोपं आलीयेत, पाऊस पडला की घाई होईल. नाव नंतर लावू."