ऐरोलीकर काकांना उत्तर : अँडरसनव्हिल, एल्मायरा आणि अडलेली अदलाबदल

काका, नमस्कार.

अमेरिकेच्या उत्तर-दक्षिण यादवीतल्या युद्धकैद्यांवरच्या माझ्या लेखाखाली तुम्ही चांगलंच झापलंत. मी जेत्यांची तळी उचलतो, दक्षिणेकडे स्वतःच्या शिपायांनाच खायला नव्हतं तर कैद्यांना कुठून देणार, एल्मायरा छावणीत उत्तरेनेही तेच केलं, आणि कैद्यांची अदलाबदल तर उत्तरेचा सरसेनापती ग्रँट यानेच अडवली. वर, ठाण्यात राहून मध्यवर्ती कारागृहावर लिहायचं सोडून जॉर्जियाचं काय घेऊन बसलास, हा टोला!

खाण्याचं मान्य. पण अँडरसनव्हिल, म्हणजे दक्षिणेची जॉर्जियातली कैद्यांची छावणी, पाइनच्या जंगलाच्या मुलखात होतं, तरी कैद्यांना बराकी नव्हत्या. दहा हजारांसाठी उभारलेल्या कुंपणात ऑगस्ट १८६४ मध्ये तीस हजारांहून जास्त माणसं कोंबलेली. पाण्याला एक ओढा, त्याच्याही वरच्या अंगाला पहारेकऱ्यांचा तळ आणि मुदपाकखाना. तिथली सगळी घाण खाली कैद्यांच्या पाण्यात. सव्वा वर्षाच्या आत पंचेचाळीस हजारांपैकी जवळपास तेरा हजार मेले. उत्तरेच्या नाकेबंदीने धान्य आटतं, ओढा नासत नाही.

एल्मायराबद्दल तर मी तुमच्याहून कडक बोलेन. न्यूयॉर्क राज्यातली ही छावणी वर्षभर चालली. सुमारे बारा हजार कैद्यांपैकी तीन हजारांच्या आसपास गेले. उत्तरेकडे धान्याला तोटा नव्हता. तरी दक्षिणेवर सूड म्हणून १८६४ मध्ये कैद्यांचा शिधा कापला. घरात असून न देणं मला जास्त वाईट वाटतं.

अदलाबदलीचं मात्र तुम्ही अर्धंच सांगितलंत. जुलै १८६२ च्या करारात दर ठरलेले होते. सरसेनापती सोडवायचा तर साठ साधे शिपाई! हे गाडं वर्षभर चाललं. मग उत्तरेच्या सैन्यात काळे शिपाई भरती झाले आणि मे १८६३ मध्ये दक्षिणेच्या काँग्रेसने, म्हणजे संसदेने, ठरवलं की ते हाती लागले तर युद्धकैदी धरायचे नाहीत, राज्यांच्या हवाली करायचे. म्हणजे पुन्हा गुलामी, नाहीतर फास. गाडं तिथे अडलं. सोडलेला कैदी पुन्हा बंदूक घेऊन समोर उभा राहतो, हे ग्रँटचं पत्र तुम्ही दाखवलंत. ते खरंच आहे, आणि थंड डोक्याने लिहिलेलं आहे. पण ते ऑगस्ट १८६४ चं, म्हणजे वर्षानंतरचं. त्याच ऑक्टोबरात दक्षिणेचा सेनापती ली याने माणसाला माणूस अशी अदलाबदल सुचवली, तेव्हा ग्रँटने विचारलं, काळे शिपाईही गोऱ्यांसारखेच सोडणार का? आमच्या नागरिकांच्या मालकीचे नीग्रो यात येत नाहीत, असं लीचं उत्तर आलं. बोलणी संपली. जानेवारी १८६५ मध्ये दक्षिणेने सगळेच कैदी देण्याची तयारी दाखवली आणि अदलाबदल पुन्हा सुरू झाली. आता सांगा, गाठ कुणी मारली होती?

कारागृहावर लिहीन. ठाण्याच्या किल्ल्यातल्या त्या तुरुंगात १९१० मध्ये अनंत कान्हेरे फासावर गेले, तो विषय डोक्यात आहेच. पण तो वेगळा लेख. युद्धकैद्यावर गुन्हा नसतो, खटला नसतो, सुटकेची तारीख नसते. मला त्याच्यावरच लिहायचं होतं.

राहिला अँडरसनव्हिलच्या तुरुंगाचा प्रमुख, कॅप्टन विर्झ. त्याला बळीचा बकरा म्हणता, ते मला बऱ्यापैकी पटतं. शिधा आणि बराकी त्याच्या हातात नव्हत्या, त्याचा वरिष्ठ विंडर युद्ध संपण्याआधीच वारला होता, आणि नोव्हेंबर १८६५ मध्ये फाशी झाली ती या कॅप्टनला. पण विर्झ बकरा ठरला म्हणून वरचे सुटत नाहीत, ना दक्षिणेच्या राजधानीतले, रिचमंडचे, ना उत्तरेच्या, वॉशिंग्टनचे.