नॉब दाखवतो एक, वाजतं भलतंच

गेन, व्हॉल्यूम आणि मास्टर. आवाज वाढवायला तीन तीन नॉब, आणि त्यातला कुठला काय करतो हे गिटारच्या या मॉडेलिंग अ‍ॅम्पवर, म्हणजे वेगवेगळ्या अ‍ॅम्पची डिजिटल नक्कल करणाऱ्या डब्यावर, कुठेही लिहिलेलं नाही. सोबत येतो तो घडीचा कागद, त्यातला अर्धा सूचनांनी भरलेला. पाण्याजवळ ठेवू नका, म्हणे. नाही ठेवत बाबा! गेनचं काय ते सांग आधी.

बहुतेक अ‍ॅम्पवर हिशोब असा असतो. गेन म्हणजे आतल्या नकली प्रीअ‍ॅम्पमध्ये (अ‍ॅम्पच्या पहिल्या टप्प्यात) सिग्नल किती जोरात घुसवायचा, म्हणजेच आवाज किती फाटणार. व्हॉल्यूम म्हणजे त्या एका प्रीसेटची, म्हणजे साठवून ठेवलेल्या सेटिंगची, पातळी, ती प्रीसेटबरोबर सेव्ह होते. मास्टर शेवटी बसतो, बाहेर किती सोडायचं एवढंच बघतो आणि सेव्ह होत नाही. झालं! चार ओळींचं काम. एवढं छापायला काय शाई संपली होती?

पण खरा संताप प्रीसेटचा. रात्री सगळा घोळ घालून एक छान क्लीन, म्हणजे न फाटलेला, टोन जमवून सेव्ह करायचा. दुसऱ्या दिवशी तो लावला की टोन बरोबर येतो, पण नॉब उभे असतात आदल्या प्रीसेटच्या जागी. गेनचा काटा ८ वर आणि वाजतंय २ चं! आता थोडासा गेन वाढवू म्हणून नॉबला नुसता हात लावा, आकडा उडी मारून थेट ८ वर जातो आणि घरातले सगळे दचकतात. म्हणजे आधी काय सेट होतं हे बघायचं कसं, तर बघायचंच नाही. न अडता गोल फिरणारा एन्कोडर आणि त्याभोवती एलईडीचं कडं, एवढ्यावर हा प्रश्न मिटतो. पण नाही, त्यात पैसे जातात ना!

इफेक्टचा नॉब तर निव्वळ चेष्टा आहे. पहिल्या टप्प्यात कोरस (एकाच्या जागी अनेक गिटारी वाटाव्यात असा), पुढे फेजर (आवाज फिरल्यासारखा), त्यापुढे ट्रेमोलो (आवाज थरथरणारा), आणि प्रत्येक टप्प्यात डावीकडून उजवीकडे प्रमाण वाढत जाणार. म्हणजे भरपूर कोरस आणि किंचित फेजर यांच्यात केसाएवढं अंतर. दोन्ही एकत्र हवेत? विसरा.

बास, मिड, ट्रेबल तिन्ही मधोमध ठेवले की टोन सपाट, असं कुणालाही वाटेल. ज्यांची नक्कल होते त्या फेंडर कंपनीच्या पद्धतीच्या जुन्या ट्यूब (काचेच्या व्हॉल्व्हच्या) अ‍ॅम्पमध्ये हे तिन्ही एकाच पॅसिव्ह सर्किटमध्ये गुंतलेले असतात. ते सर्किट काही वाढवत नाही, फक्त कापतं, आणि तिन्ही मधोमध असले तरी मिड दबलेलाच राहतो. एक फिरवला की बाकी दोघांचं वागणंही बदलतं. मॉडेलिंगवाल्यांनी हे सगळं इमानदारीने उचललं असेल, तर मॉडेल बदललं की त्याच तीन नॉबांचे अर्थही बदलले. हे ठीक आहे, मला आवडतंसुद्धा. पण सांगा ना! त्यात हळू आवाजात आपल्या कानाला बास कमीच ऐकू येतो, म्हणून रात्री बास चढवून बसवलेला टोन दिवसा मोठ्याने लावला की नुसता घुमतो.

आणि नॉइज गेट, म्हणजे वाजवत नसताना येणारी घरघर दाबणारा? तो आहे म्हणे. एक बटण दाबून धरायचं, धरलेलं असतानाच गेन फिरवायचा. गिटार गळ्यात, पिक दातात, दोन्ही हात अ‍ॅम्पवर! हे पॅनेल आखणाऱ्याने आयुष्यात कधी गिटार हातात घेतली नसणार.

उरलेलं सगळं मोबाइल अ‍ॅपमध्ये. ते उघडलं की आधी अपडेट मागतं, मग ब्लूटूथ, मग लोकेशनची परवानगी. अरे, मला रिव्हर्ब, तो मोठ्या हॉलमधल्यासारखा घुमारा, कमी करायचाय! मी कुठे बसलोय याच्याशी तुला काय करायचंय?