‘बोल्ट काढा, वेल्ड मारा’ म्हणणाऱ्यांनो, जरा थांबा

माझ्या मामेभावाचं शिरवळजवळ दुमजली स्टीलचं गोडाऊन उभं राहतंय. परवा रात्री त्याचा फोन आला. “दादा, बीमचे बोल्ट कॅन्सल केले. सगळे जॉइंट चारी बाजूंनी वेल्ड करून घेतोय.” कारण काय, तर व्हॉट्सअ‍ॅपवर मेसेज आला! ‘स्टीलचं बांधकाम करताय? सावधान!’ असं सुरू होणारा. ड्रॉइंग माझं, पण आधी मला विचारावं हे काही त्याला सुचलं नाही.

मेसेजचं म्हणणं असं: बोल्ट ढिले होतात, पिन जॉइंट म्हणजे बिजागरी, बिल्डिंग पत्त्यांच्या बंगल्यासारखी पडेल, प्लेट जितकी जाड तितकी चांगली, आणि सगळीकडून वेल्ड मारलं की भूकंपातही काही होत नाही.

शेवटचा मुद्दा आधी घेतो, कारण खरा घात त्यात आहे.

बीमवर वजन आलं की ती मधे वाकते आणि टोकाला किंचित वळते. साध्या जोडाची, म्हणजे मेसेजमधल्या त्या ‘पिन जॉइंट’ची, कामं दोन. बीमचा भार कॉलमला द्यायचा आणि ते टोक वळू द्यायचं. म्हणून तर क्लीट (अँगलचा छोटा तुकडा) किंवा प्लेट फक्त वेबला, म्हणजे बीमच्या मधल्या उभ्या पट्टीला लावतो, फ्लँज, म्हणजे वरची-खालची आडवी पट्टी, मोकळे सोडतो, बीम आणि कॉलममध्ये दहा मिमी फट ठेवतो. मामेभावाच्या वेल्डरने ती फट ‘चूक’ समजून भरून टाकली.

आता हिशोब बघा. ६ मीटरची बीम, डिझाइन भार मीटरला २० किलोन्यूटन (एक किलोन्यूटन म्हणजे साधारण शंभर किलोचं वजन), म्हणजे प्रत्येक टोकाला ६०. साध्या जोडात हा भार कॉलमच्या तोंडापासून १०० मिमीवर येतो असं धरा, असं आयएस ८०० (२००७) हे स्टील बांधकामाचं भारतीय मानक सांगतं. कॉलम २०० मिमीचा, म्हणजे मध्यापासून अंतर २००. मोमेंट, म्हणजे कॉलमला वाकवणारा जोर, आला १२ किलोन्यूटन-मीटर. फ्लँज वेल्ड केले आणि कॉलम पुरेसा ताठ असला, तर तोच मोमेंट ६० च्या घरात जातो. पाचपट! जोड मजबूत झाला म्हणे. कॉलम मात्र १२ धरूनच काढलेला आहे.

आणि भूकंप? १७ जानेवारी १९९४ ला लॉस एंजेलिसजवळ नॉर्थरिजचा भूकंप झाला. तिथल्या शंभराहून जास्त स्टीलच्या इमारतींत नंतर तडे सापडले, आणि बहुतेक कुठे? बीमचा खालचा फ्लँज कॉलमला जिथे वेल्ड केला होता, नेमके तिथे. भूकंपात स्टील ताणलं जाऊन तग धरेल ही अपेक्षा होती; वेल्ड काचेसारखे तडकले. तेही मोमेंट घेण्यासाठी मुद्दाम डिझाइन केलेले जोड. इथे तर ड्रॉइंगमध्ये नसलेलं वेल्ड, शिडीवर उभं राहून, दमट रॉडने मारलेलं.

बिजागरीबद्दल: यात अर्धं खरं आहे, नाइलाजाने मान्य करतो. सगळे जोड पिन आणि ब्रेसिंग (सांगाडा ताठ ठेवणारे तिरके दांडे) शून्य, तर सांगाडा आडवा होणारच. पण त्याला उपाय ब्रेसिंग, वेल्डिंग नव्हे. ड्रॉइंगमध्ये दोन गाळ्यांत क्रॉस ब्रेसिंग आहे. मामेभाऊ तिथेच शटरचं दार ठेवू का म्हणून विचारत होता, ते वेगळंच.

बोल्ट ढिले होतात? क्रेनखाली, थरथरणाऱ्या मशीनखाली, हो. त्यासाठी वेगळे, ताण देऊन आवळायचे बोल्ट असतात. गोडाऊनच्या मजल्याला पान्याने नीट आवळलेला बोल्ट पुरतो. ४.६ ग्रेडचा एक २० मिमी बोल्ट, कातरणारा जोर आट्यांच्या भागावर आला तरी, ४५ किलोन्यूटन घेतो. खरी भानगड बोल्टची नाहीच. २० च्या बोल्टला भोक २२ मिमीचं हवं. साइटवर जुळत नाही म्हणून गॅसने तीसचं फाडतात. त्यावर मेसेज येत नाही कधी.

जाड प्लेट: वेबला लावायची एकेरी प्लेट साध्या स्टीलची आणि बोल्ट जास्त ताकदीचे, ८.८ ग्रेडचे असतील तर प्लेट बोल्टच्या व्यासाच्या निम्म्यापेक्षा जाड नको, असा ब्रिटिश प्रघात आहे. २० च्या बोल्टला १०. म्हणजे आधी भोकाशी प्लेट दबते आणि जोड वळतो. प्लेट १६ ची लावलीत तर बोल्टच आधी कातरला जाईल.

सहा जोड वेल्ड होऊन गेलेत. फ्लँजचं वेल्ड ग्राइंडरने काढायला सांगितलंय, गॅस लावायचा नाही. फॅब्रिकेटर म्हणतो, काढायची मजुरी वेगळी पडेल.