पायथ्यापर्यंत रस्ता नेला की पर्यटन वाढते का?

"खान्देशातील लेणी, किल्ले आणि देवळे ओस पडली ती पुरातत्त्व आणि वन खात्यांच्या जाचक नियमांमुळे, नियम सैल करा, पायथ्यापर्यंत रुंद रस्ता आणि हॉटेले होऊ द्या, गावांत पैसा आपोआप खेळेल," अशा आशयाचा मजकूर सध्या चाळीसगावपासून शहाद्यापर्यंत मोबाइलवरून फिरतो आहे. त्यामागची कळकळ खरी आहे, पण त्यातली विधाने टिकणारी नाहीत.

नियमांनी सारे अडवले, हे पहिले विधान. प्राचीन स्मारकांविषयीच्या १९५८च्या कायद्यातील २०१०च्या दुरुस्तीनुसार केंद्रसंरक्षित स्मारकाच्या हद्दीपासून १०० मीटरपर्यंत नव्या बांधकामास बंदी आहे आणि त्यापुढील २०० मीटरमध्ये परवानगी घ्यावी लागते. तापी-पूर्णा संगमावरील चांगदेव मंदिराला येणाऱ्यांसाठी या ३०० मीटरच्या बाहेर स्वच्छतागृहे किंवा मुक्कामाच्या खोल्या उभारायच्या म्हटल्या, तर हा कायदा आड येत नाही. एस.टी.च्या फेऱ्या कमी असतील, तर तो दोषही पुरातत्त्व खात्याच्या माथी मारता येणार नाही.

रस्ता थेट पायथ्याशी हवा, हा दुसरा आग्रह. चाळीसगावजवळच्या पाटणादेवीचा परिसर गौताळा-औट्रमघाट अभयारण्यात आहे आणि त्याच डोंगररांगेत, चाळीसगावहून जवळ असलेल्या पितळखोऱ्याच्या लेण्यांचा दर्शनी भाग ठिसूळ खडक आणि पाझरणारे पाणी यांमुळे पूर्वीच ढासळलेला आहे. अशा ठिकाणी वाहनांची वर्दळ जितकी दूर थांबेल तितके बरे. जळगावकरांना शेजारच्या अजिंठ्याची व्यवस्था ठाऊकच आहे: खासगी वाहने फर्दापूर फाट्यावर थांबतात आणि पुढचे सुमारे चार किलोमीटर बसने जावे लागते, म्हणून अजिंठा पाहणे कोणी सोडलेले नाही.

पैसा आपोआप गावात येतो, हे तिसरे विधान मला सर्वांत घातक वाटते, आणि त्याचे उत्तर पाटणादेवीजवळच्या पाटणे गावातल्याच दगडावर कोरलेले आहे. गणितज्ञ भास्कराचार्यांचे नातू चांगदेव (संगमावरच्या देवळाचे चांगदेव वेगळे) यांनी आजोबांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठी येथे मठ काढला. शके ११२८च्या शिलालेखात निकुंभ घराण्यातील राजा सोइदेव याने त्या मठाला दिलेल्या दानाची नोंद असून, त्या लेखाच्या जुन्या मराठीतील भागात मठाचा खर्च कशातून चालावा हेही बारकाईने नमूद केले आहे: बाजारात विकल्या जाणाऱ्या मालावरील राजाचे उत्पन्न मठाला, आणि तेलाच्या घाण्यांकडून पळी-पळी तेल. मठ चालावा म्हणून गावच्या उलाढालीतला वाटा आधी ठरवून, कोरून ठेवावा लागला होता. आज वाहनतळाची पावती, दुकानांचे भाडे आणि प्रवेशशुल्क यांतील किती रक्कम देवळाच्या डागडुजीला आणि किती ग्रामपंचायतीला मिळेल, हे त्या मजकुरात कोठेही लिहिलेले नाही.