भामट्याला लोगो फुकट, दुकानदाराने मात्र प्रमाणपत्र आणायचं!

दादरला साड्यांचं दुकान आहे आमचं. ऑनलाइन ऑर्डर आली की पावती मेलवर जाते. आणि हल्ली गिऱ्हाईक फोन करून विचारतं, "ताई, हा मेल खरा तुमचाच ना?" डोकं फिरतं माझं!

विचारतील नाही तर काय? आमच्या खऱ्या पावतीशेजारी इनबॉक्समध्ये दिसतो रंगीत गोल आणि त्यात नावाचं पहिलं अक्षर. आणि आमच्या नावाने पैसे उकळणाऱ्या भामट्याने काय केलं? फुकटचं खातं उघडलं, आमच्या पाटीवरचा लोगो उचलून प्रोफाइल फोटो म्हणून चिकटवला. त्याचा मेल आमच्यापेक्षा खरा दिसतो! बोरिवलीच्या एका काकू त्याच्या लिंकवर पैठणीचे पैसे भरता भरता थांबल्या. त्यांनी मला झाडलं, आणि त्यांचं काय चुकलं?

आम्हाला लोगो हवा तर रस्ता वेगळा. त्याचं नाव बिमी, म्हणजे मेलशेजारी धंद्याचा तपासलेला लोगो दाखवायची पद्धत. जीमेलमध्ये तो २०२१ पासून आहे. आधी डोमेनवर डीमार्क लावा, म्हणजे आपल्या नावाने आलेल्या खोट्या मेलचं काय करायचं ते सांगणारा नियम. तोही नुसता 'नन' (काहीच करू नका) ठेवून चालत नाही, 'क्वारंटाइन' (स्पॅममध्ये टाका) किंवा 'रिजेक्ट' (घेऊच नका) हवा. म्हणजे बिलिंगचं सॉफ्टवेअर, ऑफरचे मेल पाठवणारी सेवा, सगळ्यांचं एसपीएफ-डीकेआयएम, म्हणजे मेल खरंच आपल्याकडून आल्याची तपासणी, आधी नीट जुळवा, नाहीतर आपलीच पावती स्पॅममध्ये. हे मला पटतं. आपल्या नावाने दुसऱ्याने मेल पाठवू नये, तर एवढं करायलाच हवं, आणि आम्ही केलंही.

पण पुढे? लोगो एसव्हीजी नावाच्या चित्र-फाइलच्या एका खास प्रकारातच हवा. मग लोगो आपलाच असल्याचं व्हीएमसी प्रमाणपत्र, त्यासाठी नोंदणी झालेला ट्रेडमार्क. अँटॉप हिलच्या ट्रेडमार्क कार्यालयाकडे अर्ज, छोट्या धंद्याला ऑनलाइन ४,५०० रुपये फी, परीक्षण, जर्नलमध्ये प्रसिद्धी, त्यानंतर हरकतींसाठी ४ महिने. वडिलांच्या काळच्या लोगोची कमान आम्ही मध्ये जरा बदलली. मग नोंदणीतल्या चित्राशी तो जुळत नाही, म्हणून पुन्हा पहिल्यापासून! आणि व्हीएमसी देणाऱ्या बड्या कंपन्यांचे दर वर्षाला हजार डॉलरच्या पुढे. दरवर्षी! एवढ्यात गणपतीच्या गर्दीसाठी एक माणूस जास्तीचा ठेवता येतो.

२०२४ पासून जीमेल ट्रेडमार्कशिवायचं सीएमसी प्रमाणपत्रही घेतं, वर्षभर वापरात असलेल्या लोगोसाठी. पण त्यालाही पैसे मोजायचेच, आणि व्हीएमसीवाल्यांना नावापुढे मिळते ती पडताळणीची निळी खूण त्यात मिळत नाही. वर बीकेसीतल्या ऑफिसांमधली आमची गिऱ्हाइकं मेल बघतात आउटलुकवर, तिथे बिमी चालतच नाही!

कोणीतरी शहाणपणा शिकवतं, "तुमच्या पत्त्यावर गूगल खातं काढा, फोटो लावा, काम झालं." अहो, भामट्याने तेच केलंय! त्या फोटोने सिद्ध काय होतं?

माझा राग नियमांवर नाही. कडक ठेवा ना, खुशाल ठेवा. पण मग कोणीही लावलेला न तपासलेला फोटो तपासलेल्या लोगोच्याच जागी, त्याच गोलात का दाखवता? ओळखीत नसलेल्या पत्त्यावरून पहिल्यांदा मेल आला की तो फोटो झाका आणि अक्षर दाखवा. आम्हाला दाखवता तसंच.