बेरीज शून्य, मजुरी बाकी

घरात एखादं शिकलेलं पोरगं असलं की मजुरीचा हिशेब त्याच्याच गळ्यात पडतो. यवतमाळ जिल्ह्यातल्या आमच्या गावात कापूस वेचणीच्या दिवसांत संध्याकाळी ओसरीत काटा लटकतो, बाया गाठोडी घेऊन बसतात आणि मी पायथन ही प्रोग्रामिंगची भाषा उघडतो. प्रत्येकीचे किलो एका फायलीत, त्यांचे आकडे करायला मॅप ही आज्ञा, बेरजेला सम. बेरीज झकास आली.

"आता सगळ्यात जास्त कोनं वेचला ते सांग," आई म्हणाली.

त्याच मॅपला सगळ्यात मोठा आकडा काढणारं मॅक्स लावलं. एरर आली, आत काहीच नाही म्हणे. पुन्हा बेरीज घेतली. शून्य.

"आत्ता तं 212 किलो होता. कोठी गेला?" आईनं गाठोड्यांकडे पाहिलं. बायांनी माझ्याकडे.

2008 साली पायथन 3 आलं आणि मॅप, फिल्टर, झिप यांनी तयार यादी हातात देणं बंद केलं. आता मिळतो तो इटरेटर. पंगतीत बुंदी वाढणारा असतो ना, तसला. पुढे केलेल्या पानात एकेक मूठ टाकत जातो आणि टोपलं रिकामं झालं की त्या ओळीकडे फिरकत नाही. तरी कुणी मागितलंच तर तो स्टॉपइटरेशन म्हणून ओरडतो. पण एकेक मागत फिरणारा फॉर लूप ती ओरड गुपचूप गिळतो. म्हणजे दुसऱ्या फेरीत कामही नाही आणि तक्रारही नाही. समही शून्य सांगून मोकळा. मॅक्स निदान भांडतो तरी, म्हणून मला तो बरा वाटतो. ओळीनं आकडे देणारा रेंज त्याहून शहाणा: आकडे तोही साठवत नाही, पण कितीदा विचारा, पहिल्यापासून देतो, लांबीसुद्धा सांगतो.

"बरं, एकूण किती जनी आल्या ते तरी सांग."

मॅपला लेन, म्हणजे किती आहेत ते सांगणारी आज्ञा, चालत नाही. पुढे किती उरलेत हे त्याचं त्यालाच ठाऊक नसतं. आईला तसं सांगितलं.

"म्हंजे मोजल्याबिगर त्याले मालूम नाई?"

"नाई."

"मंग मोज म्हना त्याले."

"मोजलं का संपते."

बाया पदर तोंडाला लावून हसायला लागल्या. मी फाईल पुन्हा वाचून सगळं लिस्टमध्ये ओतलं. बेरीज, जास्तीत जास्त, माणसं, सगळं एका दमात मिळालं. येल्ड हा शब्द लिहून जनरेटर, म्हणजे असाच एकेक देणारा वाढपी, करावा तो मेमरीत न मावणाऱ्या लाखो ओळींसाठी. ओसरीभर बायांसाठी एवढी कंजुषी कशाला?

कोपऱ्यातली म्हातारी मात्र अजून विचारातच होती.

"बापू, मजुरी बी थोच वाटते का? मंग मले पहिले दे."